अर्धो ओहोळ माशांचो

मालवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. रापण, सुरमई, बांगडा. पण किनारा सोडून आत आलात की आम्ही शेतकरी राहतो, आणि आमचाही एक माशांचा हंगाम असतो. उन्हाळा सरताना नि पावसाळा लागताना, जेमतेम चार-पाच रात्रींचा. त्याला आम्ही चढणीचे मासे म्हणतो.

वैशाखात ओहोळ आटतो. मोठ्या झाडांच्या सावलीत कुठेतरी एखादी कोंड उरते, तेवढ्यात मासे जीव धरून राहतात. मे अखेरीस रोहिणी लागते, ढग गडगडायला लागतात. ७ जूनच्या आसपास मृग निघतो. एका रात्री पाऊस असा कोसळतो की सकाळी ओहोळ तांबडा होऊन वाहतो. त्या पाण्याचा वास माशांना कळतो. मळये, खवळे, ठिगूर, पोटात अंडी घेऊन उलट्या पाण्याने वर निघतात. थेट भाताच्या कुणग्यांत शिरतात. तिथे पाणी उथळ, उबदार, खायला भरपूर आणि गिळायला मोठा मासा नाही. बाळंतपणाला माहेरी जावं तसं ते जाणं.

लहानपणी आम्ही खोळ पांघरून, झावळांची चूड पेटवून आज्याबरोबर जायचो. दगड रचून पाणी अडवायचं आणि मध्ये बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचा. पण आजो अख्खा ओहोळ कधी अडवीत नसे. दुसऱ्या काठाला हातभर वाट मोकळी ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "अर्धो ओहोळ आपलो, अर्धो माशांचो. सगळेच खाल्लंस तर फुडल्या मिरगाक काय खातलंस?" घरी आवस सोलां घालून तिकला करायची. उकड्या तांदळाच्या भाताबरोबर ते जेवण वर्षातून दोन-तीनदाच मिळे, म्हणून त्याची चव अजून जिभेवर आहे.

समुद्रातल्या माशांसाठी सरकारने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी घातली. विणीचा काळ, बरोबरच आहे. स्फोटकं किंवा विष घालून मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. पण मध्यरात्री, धो धो पावसात ओहोळावर कोण येणार बघायला? आता नायलॉनचं जाळं या काठापासून त्या काठापर्यंत लागतं. कुणी ब्लिचिंग पावडर टाकतो, कुणी बॅटरीचा करंट सोडतो. त्यात खायचे मासे मरतात, न खायचे मरतात, बेडूकही मरतात.

जवळच धामापूरचं तळं आहे. १५३० साली बांधलेलं, अजून शेतांना पाणी देतं. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण आमच्या ओहोळाला नकाशावर नावसुद्धा नाही. त्याला मान कोण देणार? त्याचं राखणं आमच्याच हातात.

दोन वर्षांपूर्वी पुतण्या मुंबईहून आला होता. जाळं नवीन, उत्साह मोठा. मी म्हटलं, "बाबू, थयसर वाट सोड." तो म्हणाला, "काकानू, आपण सोडले तर वयल्या वाडयेवाले धरतले. मगे आपण कित्याक सोडूचे?"

त्याचं चुकीचं नव्हतं. एकट्याने सोडलेला मासा दुसऱ्याच्या टोपात जातो, हे मलाही कळतं. म्हणून वाद घालण्यापेक्षा त्याला घेऊन मी संध्याकाळी वरच्या वाडीत गेलो. तीन घरं फिरलो. दोघांनी मान्य केलं. तिसरा म्हणाला, "बघूया." आमच्याकडे बघूया म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तरी त्या रात्री पुतण्याने जाळं काठापासून हातभर आत घेतलं. मासे थोडे कमी मिळाले. घरात कुणी उपाशी राहिलं नाही.

श्रावणात बेणणी करताना कुणग्याच्या कोपऱ्यात बोटाएवढी पिल्लं पळताना दिसली. पूर्वीसारखी झुंडीने नव्हेत, पण होती. भाद्रपदात पाऊस ओसरतो तेव्हा ती पुन्हा ओहोळात उतरतात. म्हणून त्या दिवसांत मी बांधाची मोरी चिखलाने बुजवीत नाही. शेतात अडकली तर बगळ्यांचं जेवण होतं.

पुतण्याचा आता दर मेअखेरीस फोन येतो, "काकानू, पाऊस लागलो काय?" मी सांगतो, ये, पण आधी वयल्या वाडयेत जाऊन येऊया. तिसऱ्या घरी अजून एकदा विचारायचं आहे.