काळ्या इंजिनाची जन्मपत्रिका

उमापूरच्या शिवारात इंजिन म्हटले की विहिरीवरचे ऑईल इंजिनच डोळ्यापुढे येते. गावात रेल्वे नाही. आपल्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीडलाही ती २०२५ साली आली. पण वाचकहो, पंढरपूरला किंवा लातूरला जाल तेव्हा ध्यानात असू द्या, त्या मुलखात एके काळी 'बार्शी लाईट' ही छोटी गाडी धावत असे. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ला पंढरपूर आणि १९११ला लातूरपर्यंत पोचली.

तिची पहिली इंजिने विलायतेत लीड्स शहरी किटसन कंपनीने घडवली. खूण चाकांत होती. रूळ हलका, म्हणून एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, असा कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा हिशेब. त्यामुळे दांड्यांनी जोडलेली आठ चाके आणि मागे छोटी चार. ओल्या रानात गाडी घालताना आपणही ओझे बघूनच भरतो, तसेच हे.

कुठे चौथऱ्यावर जुने इंजिन दिसले तर आधी चाके मोजा. एका बाजूला दिसतील त्यांच्या दुप्पट धरा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने व्हल्कन फाउंड्रीची. पुढे छोटी दोन, मागे जोडलेली मोठी चार.

मग पत्री शोधा. ऑईल इंजिनावर असते तशीच, पितळेची किंवा बिडाची. तिच्यावर कारखाना, गाव, साल आणि क्रमांक असतो. बाजूला रंगवलेला मोठा आकडा मात्र रेल्वेने दिलेला, तो बदलतो. पितळ मोडीत विकले जाते, म्हणून पत्री बहुधा नाहीशी झालेली असते. तेव्हा चाके जोडणाऱ्या दांड्यांवर ठोकलेला आकडा बघा. त्यातही मेख आहे. दुरुस्तीत एकाची दांडी दुसऱ्याला बसवीत, तेव्हा दोन्ही बाजूंचे आकडे जुळवून पाहावेत. बॉयलर तर पुष्कळदा बदललेलाच असतो, त्याच्या पत्रीवर विसंबू नका. आणि शेजारी लावलेल्या नव्या पाटीवर तर मुळीच नको!

मुंबईकडे गेलात तर नेरळला उतरा. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. तिची जुनी इंजिने ओरेन्स्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याची. तिथे उभ्या असलेल्या इंजिनाची चाके मुलांना मोजायला लावा आणि दांड्या कुठून कुठवर जातात तेही विचारा.