नाणेघाटाची चढण

नाणेघाट पाहिलेलीं माणसें आतां घरोघर भेटतात. नाणेघाट चढलेलीं मात्र विरळा. जुन्नरहून घाटघरावरून पक्की सडक झाल्यापासून मोटार थेट घाटमाथ्यापाशीं जाऊन उभी राहते. पावसाळ्यांत कड्यावरून पडूं पाहणारें पाणी वाऱ्याच्या झोतानें उलट वर उसळतें, तें पाहावें. 'नानाचा अंगठा' म्हणून जो कडा प्रसिद्ध आहे त्यावर उभें राहून खालच्या कोंकणाचें छायाचित्र घ्यावें. भाजलेलें कणीस खावें आणि दिवेलागणीस घरीं परतावें, असा हल्लींचा परिपाठ आहे. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु विहीर जशी काठावरून दिसते तसा घाट माथ्यावरून दिसत नाहीं. घाट ही चढून जाण्याची वस्तु आहे. ज्यानें तो पायथ्यापासून आपल्या पायांनीं चढला नाहीं, त्याला घाटांतील लेण्याचा आणि त्या लेण्यांतील लेखाचा अर्धाच अर्थ लागतो, असें आमचें मत गेल्या मार्गशीर्षांत झालें. तें कां झालें हें वाचकांस सांगावयाचें आहे.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. सह्याद्रीची भिंत ही कोंकण आणि देश यांमधील मोठी आडकाठी. प्राचीन काळीं सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल जुन्नरच्या पेठेंत आणि तेथून पुढें पैठणास न्यावयाचा, तर या भिंतीत वाट हवी. ती वाट म्हणजे नाणेघाट. याचा पायथा ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत वैशाखरे गांवाजवळ आहे आणि माथा पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत. माथ्याच्या थोडें खालीं, वाटेवरच, सातवाहन राजांच्या वेळचें एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत एक दीर्घ लेख कोरलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील तो असावा, असें बहुतेक विद्वान मानतात. १८२८ सालीं कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकांचा उलगडा केला आणि १८८३ सालीं ब्यूलर या जर्मन पंडितानें संपूर्ण लेख भाषांतरासह प्रसिद्ध केला.

भगवानलालांचें नांव आम्ही मुद्दाम घेतलें. १८३९ सालीं जुनागडास जन्मलेल्या या गृहस्थास विद्यापीठाचें शिक्षण मिळालें नव्हतें. गांवाशेजारीं गिरनारची शिला होती, तिजवरील अक्षरें वाचावयाचीं एवढ्या हौसेनें त्यांनीं प्रिन्सेपचा अक्षरतक्ता मिळवून ब्राह्मीचा अभ्यास केला. पुढें डॉ. भाऊ दाजी यांच्यासाठीं त्यांनीं देशभर फिरून लेख उतरून घेतले आणि शेवटीं लायडनच्या विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टर केलें. हौस ही रिकाम्या वेळाची सोबतीण आहे असें आपण समजतों. ती माणसास कोठवर नेते याचें हें उदाहरण आहे. आम्ही शाळेंतून निवृत्त झाल्यावर तोच तक्ता दिवाणखान्याच्या भिंतीस लाविला. पाहतां पाहतां पुतण्याच्या मुलीनें तो आमच्याआधीं पाठ केला आणि घरच्या डब्यांवर ब्राह्मीत 'मीठ', 'साखर' अशीं नांवें लिहून सुनांची तारांबळ उडविली. नाणेघाटास जाण्याची टूम तिचीच.

निघावयाचे कोणी, यावर घरांत बरीच चर्चा झाली. पुतण्या आणि त्याची मुलगी यांच्याविषयीं प्रश्न नव्हता. आमच्याविषयीं थोडी कुजबूज झाली. परंतु आमची धाकटी बहीण, जिला घरांतील सारीं मुलें आत्या म्हणतात, "मीहि येतें," असें म्हणाली, तेव्हां मात्र सर्वांचेच हात थांबले. वय साठ, उजवा गुडघा दुखरा, तीस वर्षांमागें वैधव्य आल्यापासून आमच्याच घरीं राहिलेली. सण, आजारपणें, बाळंतपणें यांत तिच्यावांचून घराचें पान हालत नाहीं, आणि म्हणूनच की काय, घराबाहेर पडण्याच्या यादींत तिचें नांव कोणी कधीं घातलें नव्हतें. "आत्या, तुम्ही जुन्नरकडून मोटारीनें या, आपण माथ्यावर भेटूं," असें सुनेनें प्रेमानेंच सुचविलें. बहीण म्हणाली, "मोटारीनें देवदर्शन पुष्कळ झालें. एकदां पायानें जाऊन पाहूं दे." पुढें कोणी बोललें नाहीं.

मार्गशीर्षांतील एका पहांटे कल्याणहून माळशेजकडे जाणारी एस्. टी. आम्हीं धरिली. मुरबाड, टोकावडें मागें टाकून वैशाखऱ्याच्या पुढें सडकेवर उतरलों, तेव्हां आठ वाजले होते. भाताचीं खाचरें कापून मोकळीं झालीं होतीं आणि कारवीचीं पानें वाळूं लागलीं होतीं. समोर डोंगराची रांग अशी सरळ उभी होती, की हिच्यांतून वाट आहे हें सांगूनहि खरें वाटूं नये. पहिला तासभर वाट झाडींतून, ओढ्याच्या कडेकडेनें, सौम्य चढत जाते. नंतर ती एकदम अंगावर येते. कोठें कातळांत खोदलेल्या पायऱ्या, कोठें बसविलेले मोठे धोंडे; शेंकडों वर्षांच्या पावलांनीं ते इतके गुळगुळीत झाले आहेत, की काठीचें टोंक त्यांवर ठरत नाहीं.

बहीण शांतपणें चढत होती. सुमारें दोन तृतीयांश वाट सरल्यावर तिचा गुडघा एकाएकीं आंखडला आणि ती एका धोंड्यावर बसली. चेहरा पांढराफटक पडला. ऊन चढलें होतें. पुतण्या हलकेच आम्हांस म्हणाला, "काका, येथूनच परत फिरावें. वर जाऊन त्रास वाढला तर दिवस अपुरा पडेल." त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें आणि आमचेंहि मन डळमळलें. इतक्यांत वरून एक ठाकर बाई डोक्यावर मोळी घेऊन अनवाणी उतरत आली. तिनें बहिणीकडे पाहिलें, मोळी खालीं न ठेवतांच ती म्हणाली, "आजी, बसत बसत या. घाट काय पळत नाय." आणि वळणाआड गेलीसुद्धां.

बहिणीनें विचारलें, "येथून जवळ काय, वर कीं खालीं?" पुतण्या म्हणाला, "वर." "मग वरच चला," असें म्हणून ती उठली. तेव्हांपासून पन्नास पायऱ्या चढावयाच्या आणि पांच मिनिटें बसावयाचें असा क्रम धरिला. पायऱ्या मोजण्याचें काम नात करी. आजीचा एक हात तिच्या खांद्यावर व दुसरा काठीवर. चपळ माणसें जी वाट दोन अडीच तासांत चढतात, तिला आम्हांस चार तास लागले. परंतु या मोजणीनें एक गोष्ट पदरांत पडली. ओझ्याचीं जनावरें आणि त्यांच्यामागून चालणारीं माणसें या वाटेनें कशीं चढत असतील, कोठें थांबत असतील, कोणत्या वळणावर त्यांस पाण्याची आठवण होत असेल, हें आमच्या पायांस कळलें. आणि जेथें आतां अगदीं पुढें पाऊल पडूं नये असें झालें, नेमकें तेथेंच, डाव्या हातास, थंड पाण्याचीं टांकीं आणि सावलीचें लेणें पुढें आलें. ज्यानें तें खोदविलें, त्यानें वाटसरूच्या दमाचें माप अचूक घेतलें होतें. वरून मोटारीनें येणारास हें लेणें वाटेच्या खालीं पडलेली एक गुहा वाटते. खालून चढणारास तें घर वाटतें.

आंत गेल्यावर मागील भिंतीवर पूर्वी राजकुलाच्या मूर्ति रांगेनें उभ्या होत्या. आतां त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मात्र त्यांच्या माथ्यावरील नांवें टिकलीं. सिमुक सातवाहन राजा, श्री सातकर्णी आणि त्याची राणी नायनिका अथवा नागनिका, एक महारठी, कांहीं कुमार. देह गेले आणि अक्षरें राहिलीं. नातीनें विजेरीचा प्रकाश तिरका धरून एकेक वळण निरखलें आणि "दे... वि... देवि!" असें तिनें मोठ्यानें वाचलें, तेव्हां तिचा आवाज लेण्यांत घुमला. दोन हजार वर्षांपूर्वीचें अक्षर शाळकरी पोरीला वाचतां यावें, यापरतें मास्तराला आणखी काय हवें?

बाजूच्या भिंतींवर मुख्य लेख आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल यांस नमन. मग राजाराणीनें केलेल्या यज्ञांची यादी. अग्न्याधेय, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम. अश्वमेध तर दोनदां. प्रत्येकाची दक्षिणा आंकड्यांत दिली आहे: कोठें १,७०० गाई व १० हत्ती, कोठें ११,००० गाई व १,००० घोडे, कोठें २४,४०० कार्षापण. गणिताच्या इतिहासांत या आंकड्यांस मोठा मान आहे. त्यांत शून्य नाहीं व स्थानमूल्यहि नाहीं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. दहा, शंभर आणि हजार यांस निरनिराळ्या खुणा, आणि वीस हजार लिहावयाचे तर हजाराच्या खुणेस विसाची खूण जोडावयाची. तरीहि चार, सहा, सात, नऊ यांच्या आकृतींत आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज ओळखूं येतात. व्यापाऱ्यांच्या वाटेवर हिशेबाचीं इतकीं जुनीं अक्षरें सांपडावींत, हें योग्यच झालें.

बहीण भिंतीस टेकून पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "दादा, गाई-घोडे पुरे झाले. त्या राणीविषयीं काय लिहिलें आहे तें वाचा." बरोबर आणलेल्या छापील पाठावरून आम्हीं सांगूं लागलों. हा लेख राणीनें पतीच्या निधनानंतर कोरविला असें विद्वान मानतात. राणीस लाविलेलीं विशेषणें संस्कृतांत घातलीं तर अशीं होतात: मासोपवासिनी, म्हणजे महिनाभर उपवास करणारी, गृहतापसा, म्हणजे घरांत राहून तपस्विनीप्रमाणें वागणारी, चरितब्रह्मचर्या, आणि शेवटीं दीक्षाव्रतयज्ञशौंडा. व्याकरण शिकलेल्यांस अक्षशौंड हा समास आठवेल. अक्षशौंड म्हणजे फाशांत पटाईत. तसें दीक्षा, व्रत आणि यज्ञ यांत जी पटाईत, जिचा त्यांत हातखंडा, ती ही राणी.

बहिणीनें शेवटचा शब्द पुनः म्हणावयास लाविला. मग थोडा वेळ ती गप्प राहिली आणि म्हणाली, "पहिले तीन शब्द मला ठाऊक होते, दादा. आपल्या घरांत ते कोणी कोरून ठेवले नाहींत इतकेंच. हा चौथा शब्द कोणी कधीं सांगितला नव्हता." तिच्या बोलण्यांत रोष नव्हता, हिशेबांत राहून गेलेली रक्कम दाखवावी तसें ती बोलली. आम्ही सारा जन्म मुलांस समास सोडवावयास शिकविलें. परंतु या समासाचा विग्रह तिनेंच नीट केला असें आम्हांस वाटलें. उपवास आणि संयम हे त्या राणीचे अलंकार खरेच. पण लेखांत त्यांच्याच ओळीस तिचें कर्तृत्वहि बसविलें आहे, आणि तें बसविणारांस त्यांत कांहीं विसंगत वाटलें नाहीं. मागल्या पिढ्यांनीं चारांतले तीन शब्द तेवढे जपले.

लेण्यावरून माथा जवळच आहे. दोन कातळांमधील अरुंद खिंडींतून वर येतांच वारा तोंडावर आदळतो आणि उजेडांत एकदम देश उघडतो. समोर जीवधन किल्ला व त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका. वाटेच्या कडेस दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे. आमच्या नातीनें त्यांत डोकावून पाहिलें. आंत वाळलेलीं पानें होतीं. मोटारीनें आलेलीं दोनतीन कुटुंबें तेथें हिंडत होतीं. त्यांतील एका बाईंनीं बहिणीस विचारलें, "आजी, तुम्ही कोणत्या गाडीनें आलांत?" बहिणीनें नुसतें खालीं बोट दाखविलें. बाई कड्यापर्यंत गेल्या, खालीं पाहून आल्या आणि त्यांनीं आपल्या मुलांस बोलावून आणिलें. उतरण गुडघ्यास चढणीपेक्षां वाईट, म्हणून आम्ही घाटघरावरून भाड्याच्या जीपनें जुन्नरास गेलों व मुक्काम केला.

ज्या वाचकांस जावयाचें असेल त्यांनीं कार्तिक ते माघ या महिन्यांत जावें. पावसाळ्यांत पायऱ्या निसरड्या असतात व ओढ्यांस पाणी असतें. पहांटे निघावें, दर माणशीं दोन शेर तरी पाणी घ्यावें, चपला न घालतां तळ धरणारे बूट घालावे आणि माथ्यावरील वाहन आधींच ठरवून ठेवावें. जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या पावलानें सर्वांनीं चालावें. आणि घरांत जिचें नांव यादींत कधींच नसतें अशी कोणी आत्या, मावशी किंवा काकू असेल, तर तिला एकदां विचारावें. ती नको म्हणेल तर गोष्ट वेगळी. पण विचारल्यावांचून तिच्या वतीनें नको म्हणूं नये. आमच्या घरीं तक्त्याशेजारीं आतां चौथा एक शब्द ब्राह्मींत लिहिलेला आहे. तो नातीनें लिहिला, आणि तो कोणासाठीं हें घरांत कोणी विचारीत नाहीं. पुढल्या मार्गशीर्षांत जीवधन चढावा असें बहिणीच्या मनांत आहे. गुडघ्यास तेल लावण्याचें काम तिनें आतांपासूनच नेमानें चालविलें आहे.