बिडाला मेण

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. मागच्या महिन्यात चार दिवस उमरखेडला जाऊन आलो आणि तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय. आधीच सांगतो, विषय ऐकून काही जण हसतील. लाकूड कापायच्या मशीनच्या टेबलाला मेण लावणे! पण नातेवाइकांपैकी ज्यांना काकांच्या दुकानाचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही, त्यांना ते याच विषयातून कळणार आहे. तेव्हा धीर धरा.

सुरुवात शब्दापासून करतो. बीड म्हटलं की लोकांना जिल्हा आठवतो. पण आपल्या आज्या-काकवांच्या तोंडी बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा, बिडाची कढई. या लोखंडात कार्बन बराच असतो, साधारण २ ते ४ टक्के, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. म्हणून बीड जड, कडक आणि जरा ठिसूळ. उंचावरून फरशीवर पडलं तर पोलादासारखं वाकत नाही, सरळ तडकतं.

पण याच पापुद्र्यांमुळे बिडाच्या अंगी एक मोठा गुण येतो. ते थरथर गिळून टाकतं. मिनिटाला हजारो फेरे घेणारं करवतीचं पातं ज्या टेबलातून वर डोकावतं, ते टेबल थरथरलं तर काप सरळ येणारच नाही. शिवाय सपाट केलेलं बीड वर्षानुवर्षं सपाट राहतं. जुन्या काळी तर टेबलाची ओतीव लादी कारखान्याच्या आवारात काही महिने उन्हापावसात टाकून ठेवत. ओतताना आत राहिलेला ताण त्या काळात निघून जायचा, आणि मगच ती तासून गुळगुळीत करायची. म्हणजे आधी मनसोक्त गंजू द्यायचं आणि नंतर जन्मभर गंजापासून जपायचं!

काकांचं दुकान आठवत असेल तुम्हाला. पुढे पत्र्याची शेड, मागे लाकडाच्या थप्प्या. आपला यवतमाळ जिल्हा सागवानाचा, आणि उमरखेड तालुक्यात तर पैनगंगा अभयारण्याचं जंगल. त्यामुळे दाराची चौकट म्हटली की सागाची, हे गावात बाकी कुणी सांगावं लागत नाही. शेडच्या मधोमध ते मशीन. गोल करवत, तिच्याभोवती दोन हात रुंद बिडाचं टेबल, आणि टेबलाच्या एका अंगाला लाकूड सरळ ढकलण्यासाठी लांब पट्टी. लहानपणी आम्हाला त्याच्या आसपास फिरकायची परवानगी नव्हती. फक्त रविवारी, मशीन बंद असताना, काका टेबल पुसायला बसले की आम्ही जवळ जाऊन उभे राहायचो. त्या टेबलात चेहरा दिसायचा. अगदी आरशासारखा नाही, पण पाठीमागे उभं कोण आहे ते ओळखू येण्याइतका.

आता शत्रूची ओळख. तासलेल्या बिडावर रंग नसतो, मुलामा नसतो. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज ठरलेला. पाणी म्हणजे काही बादलीभर लागत नाही. उमरखेडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यात मशीनला काही होत नाही. खरी परीक्षा मृगानंतर. रात्री गार पडलेल्या जाड लोखंडावर सकाळची दमट हवा आली की त्याला घाम फुटतो. डोळ्याला ते दव दिसतही नाही, पण दुपारपर्यंत टेबलावर तांबूस झाक येते. दुसरा शत्रू आपला स्वतःचा घाम. त्यात मीठ असतं, आणि मिठाने गंज दुप्पट जोराने धावतो. तळहात टेकवून ठेवला तर दोन दिवसांनी पाच बोटांचा ठसा उमटलेला पाहिलाय मी. तिसरा शत्रू ओलं लाकूड. बाभळीसारख्या लाकडातला तुरट रस ओलाव्यासकट लोखंडाला लागला की निळा-काळा डाग पडतो, तो सहजी निघत नाही. आणि चौथा शत्रू भुस्सा. तो दिसतो निरुपद्रवी, पण हवेतली ओल धरून ठेवतो. रात्रभर भुशाचा ढीग टेबलावर राहिला की सकाळी त्याच्याखाली गंजाचा नकाशा तयार.

सणाचंही एक गंमतशीर आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा होते. हळद, कुंकू, ओली फुलं, नारळाचं पाणी. सगळं टेबलावर! काका पूजा मनोभावे करायचे, पण फुलं एका पाटावर, पाट टेबलावर, आणि खाली जुनं वर्तमानपत्र. एका पाहुण्यांनी विचारलं होतं, देवाला पाट कशाला हो? काका म्हणाले, "देवाले नाही, टेबलाले."

काकू आणि काकांचं एक जुनं भांडण होतं. काकूचं म्हणणं, माझ्या बिडाच्या तव्याला मी तेल लावते, तो वीस वर्षांत गंजला नाही, मग तुमच्या टेबलाला मेणाची मिजास कशाला? काकूचं तव्यापुरतं अगदी बरोबर आहे. तव्यावर तेलाचा पातळ हात फिरवून तो तापवला की तेल आटून त्याचा कडक काळा थर बनतो आणि तोच तव्याला जपतो. पण टेबल काही चुलीवर ठेवता येत नाही. थंड टेबलावरचं तेल तेलच राहतं. "तेलाले भुस्सा चिकटते," काका सांगायचे, "अन् तेल लाकडाले लागलं की पॉलिश धरत नाही." गिऱ्हाइकाच्या कपाटावर पॉलिश न धरलेला डाग राहिला तर तो तेलाचा दोष म्हणून कुणी सोडून देत नाही, सुताराचाच समजतो.

म्हणून मेण. काकांची कृती लिहून घेतली आहे, तीन-चार जणांनी विचारली होती. मधमाशीचं मेण एक भाग आणि टर्पेंटाइन अडीच-तीन भाग. मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, तेव्हा ते गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवायचं, थेट आचेवर कधीच नाही. वितळलं की चुलीपासून लांब, उघड्यावर नेऊन मग टर्पेंटाइन घालायचं, कारण त्याची वाफ भडकते. थंड झालं की लोण्यासारखं होतं. उन्हाळ्यात हे मेण जरा चिकटतं, म्हणून काका त्यात मेणबत्तीचा तुकडा घालत. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून कार्नोबा नावाचं मेण निघतं, ते ८२ अंशांच्या पुढे वितळतं आणि जास्त कडक असतं. बाजारात त्याचे तयार डबे मिळतात, तेही चालतात. फक्त सिलिकॉन असलेलं गाड्यांचं पॉलिश नको. ते लाकडाला लागलं की वरच्या वॉर्निशला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

लावायचं कसं, तर आधी प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढून समोर दिसेल असा ठेवायचा. पातं खाली घ्यायचं. ब्रशने भुस्सा झाडायचा, पट्टीची खाच जुन्या दातांच्या ब्रशने साफ करायची. गंज असेल तर रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर, तोही लाकडी ठोकळ्याला गुंडाळून आणि एकाच दिशेने. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात, ग्राइंडर लावला तर मग बोलायलाच नको. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. मग जुन्या धोतराच्या कापडाने मेणाचा पातळ हात. किती पातळ? आहे की नाही अशी शंका यावी इतका. दहा-पंधरा मिनिटांत ते धूसर दिसू लागतं, तेव्हा दुसऱ्या कापडाने घासून काढायचं. मग पुन्हा एक हात. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी, एरवी दोन महिन्यांनी. वर झाकायला सुती चादर. प्लास्टिक नको, ते ओल आत कोंडतं.

एवढा खटाटोप फक्त दिसण्यासाठी नाही. गंजलेल्या टेबलावर लाकूड अडकतं. अडकलं की माणूस जोर लावतो. जोर लावताना लाकूड एकदम सुटतं आणि हात पुढे जातो, आणि पुढे पातं असतं. मेण लावलेल्या टेबलावर सागाची फळी दोन बोटांनी सरकते. काकांचं एक वाक्य दुकानातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, "जोर लावा लागला की समजा, काहीतरी चुकून राहिलं. थांबा." चाळीस वर्षांच्या धंद्यात काकांची दहाही बोटं शाबूत आहेत. हा धंदा माहीत असलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपासून काकांचा उजवा हात थरथरतो. करवत चालवणं त्यांनी आपणहून सोडलं. दादा नागपूरला नोकरीत, तो काही सुतारकी करणार नाही. दुकान चालवतो तो काकांकडे नऊ वर्षं काम शिकलेला मुलगा. त्याला मशीन हवं आहे, पण एकरकमी पैसे नाहीत. दरम्यान एक भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला होता. दादाचं म्हणणं व्यवहाराचं होतं, विकून मोकळं व्हावं. आणि घरात 'शिकलेला' म्हणून मत द्यायला मला बोलावलं होतं.

मी गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. २०२३ च्या जुलैतली आठवण निघाली. त्या पावसाने यवतमाळ जिल्ह्यात हाहाकार केला होता, शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगरला पुरात अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती. तेव्हा दुकानात वीज नव्हती, काम बंद, शेडमध्ये नुसती ओल. काकांनी त्या दिवसांत रोज सकाळी कंदील घेऊन टेबल पुसलं होतं. चालू मशीन इतकं गंजत नाही, लाकूडच त्याला घासत असतं. १९०३ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. पुढे तोच नांगर गावोगाव गेला. त्याचा फाळ मातीत चालतो तोवर चांदीसारखा चमकतो आणि खळ्यात उभा राहिला की तांबडा होतो, हे शेतकऱ्याच्या घरातला कुणीही सांगेल.

मी मत दिलं ते एवढंच, की भंगारवाला वजनाचे पैसे देतोय, टेबलाच्या सपाटपणाचे नाही. हे टेबल आजही सपाट आहे. स्टीलची पट्टी उभी धरून मी आणि त्या मुलाने कानाकोपऱ्यातून पाहिलं, खालून उजेड दिसत नव्हता. चाळीस वर्षांचे रविवार त्यात आहेत. ते किलोवर मोजायचे असतील तर माझी ना नाही, पण मला काही विचारू नका.

दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, हप्ते बांधून देऊ.

काकांनी एकच अट घातली. दर महिन्याला ते दुकानात येणार, टेबलावर पाण्याचा एक थेंब टाकणार आणि बघणार. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर ठीक. पसरला, तर त्या दिवशी करवत बंद, आधी मेण. तो मुलगा हसला आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेबल पुसलं आणि काकांनी मेण लावलं. थरथरत्या हाताने मेण लावता येतं, हे मी तेव्हा पाहिलं. गोल गोल फिरवायचं असतं, थरथर त्यात खपून जाते.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात. वर्षभर जू ज्या खांद्यावर असतं त्याला एक दिवस हात लावायचा. त्याने खांदा काही कायमचा बरा होत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा शेकावा लागतो. मेणाचंही तसंच. 'एकदा लावलं की बघायला नको' असलं औषध यात नाही. लाकूड रोज त्याला घासून नेतं आणि आपण ते पुन्हा लावायचं. मला वाटतं, निगा या शब्दाचा अर्थच हा असावा.

असो. काकू, तव्याचं तुम्ही सविस्तर लिहून पाठवा, इथे टाकतो. आणि दिवाळीला उमरखेडला जाणाऱ्या समस्त नातेवाइकांना नम्र विनंती, दुकानात जरूर जा, पण चहाचा ग्लास हातातच धरा. टेबल सपाट आहे म्हणून त्यावर ठेवू नका. काका काही बोलणार नाहीत, पण तो मुलगा आता बोलतो. :-)