दोन साक्षीदार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या बिघाडावर लिहावे हे जरा विचित्रच. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे दाणापाणीच त्या बिघाडात अडकले होते. बाबांची टॅक्सी आहे, हप्ते अजून फिटायचे आहेत. एका सकाळी वाशीच्या खाडीपुलावर ती एकाएकी मरगळली. पेडल कितीही दाबा, गाडी आपली गोगलगाय! मागून ट्रकांचे भोंगे. आणि आदल्याच संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून मी ती चालवायला शिकत होतो. ते एवढेच म्हणाले, "पाय जरा जपून टाकत जा रे."

पहिल्या गॅरेजात संगणक जोडला. पी २१३८ असा क्रमांक उमटला. "पेडल गेलंय, नवीन घाला." किंमत ऐकून बाबा गप्प झाले, मला माझी परीक्षेची फी दिसू लागली.

तुर्भ्याचे मिस्त्री मात्र घाईचे नव्हते. पूर्वी पेडलापासून केबल सरळ इंजिनापर्यंत जाई. आता पाय नुसती वर्दी देतो आणि हवेची झडप छोटी मोटर उघडते. ही वर्दी दोन सेन्सर वेगवेगळी देतात. आमच्या गाडीत एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट हवेत. हिशेब जुळला नाही की संगणक गाडीला रांगायला लावतो. ती आपोआप सुसाट सुटण्यापेक्षा ते बरे! मिस्त्री म्हणाले, "हा नंबर दोघांचं पटत नाही एवढंच सांगतो. खोटं कोण बोलतंय ते आपण शोधायचं."

चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवले. पेडल दाबायला मलाच बसवले. माझा तो गुन्हेगार पाय! पेडलापाशी मीटरवर ०.८ आणि ०.४, निम्मे दाबल्यावर २ आणि १. पेडल निर्दोष होते. (मीही.) मग तेच आकडे संगणकाच्या टोकाला मोजले. मिस्त्रींनी वायरांचा जुडगा हलवताच दुसरा आकडा थरथरून खाली आला. टेप सोडली तर एका वायरचे आवरण कुरतडलेले, आतले तांबे पाण्याने हिरवे पडलेले. उंदीर! पावसात उबेला इंजिनाशेजारी बिऱ्हाड करतात म्हणे.

खराब तुकडा कापून नवा जोडला, डाख दिला, वर नळी चढवली. नव्या पेडलापुढे मजुरी म्हणजे चहापाणीच.

घरी येईपर्यंत बाबा फारसे बोलले नाहीत. इमारतीखाली उतरले आणि चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "लाव नीट भिंतीशी. मी माळ्यावरचा पिंजरा काढतो."