काळ्या पाण्याचं कलम

अटक करताना पोलिसाने किती बळ वापरावं, हे 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 46 मध्ये होतं. आरोपी झटापट करू लागला तर लागेल तेवढं. पण गुन्हा फाशीचा किंवा काळ्या पाण्याचा नसेल, तर जीव घ्यायचा अधिकार नाही. पुढे काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आली, 2023च्या नव्या संहितेत आकडा 43 झाला. वाक्य जवळपास तेच.

*

मला हे मापच खटकतं. समोरचा माणूस या क्षणी किती धोकादायक आहे, हे कलम विचारतच नाही. कागदावर गुन्हा कुठला, एवढंच बघतं. गुन्हा लावणार कोण? पोलीसच. जन्मठेप खोट्या नोटा छापणाऱ्यालाही होऊ शकते. तो पळाला तर गोळी घालायची? राज्यघटनेचं कलम 21 शेजारी ठेवलं तर नाही. मेनका गांधी खटल्यापासून (1978) जीव घेण्याची पद्धत नुसती कायद्यात असून भागत नाही, ती वाजवीही लागते.

*

अमेरिकेतही या नियमाचं मूळ तेच, इंग्रजी. मेम्फिस, 1974. घरफोडीची वर्दी आली म्हणून गेलेल्या पोलिसाने कुंपणावर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मागून गोळी घातली. पोरगा निःशस्त्र आहे, अशी त्याची जवळपास खात्री होती. मुलाकडे सापडली एक पर्स आणि दहा डॉलर. 1985 मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, गोळी घालणं हीदेखील एक अटकच, म्हणून ती वाजवी हवी. नुसता पळतोय म्हणून मारता येणार नाही. आपल्या संहितेत असं सरळ वाक्य अजून नाही.

*

आपल्याकडे आहेत त्या सूचना. 1995 ते 1997 मधल्या मुंबई पोलिसांच्या सुमारे 99 चकमकी, त्यांत सुमारे 135 मृत्यू. त्यावरच्या याचिकेत सरन्यायाधीश लोढा आणि न्या. नरिमन यांनी 23 सप्टेंबर 2014 रोजी सोळा सूचना दिल्या. खबर मिळाली की लेखी नोंद. एफआयआर. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे. रक्ताने भिजलेली माती, केस, धागे जपून ठेवायचे. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, व्हिडिओसह. चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. ही शेवटची मला सगळ्यांत शहाणी वाटते, कारण ‘चकमकफेम’ अधिकारी त्यातूनच घडतात. पण बहुतेक सूचना माणूस मेल्यावर लागू होतात.

*

मुंबईतला कथित गुंड लखनभैया, नोव्हेंबर 2006. त्याला पोलिसांनी उचलल्याचं कळताच वकील भावाने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले. त्यानंतर वर्सोव्यात ‘चकमक’ झाली. सरकारी कथा खोटी पाडण्यात या तारांचा मोठा वाटा होता. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांना दोषी धरलं. ज्याचा भाऊ वकील नाही, त्याच्यासाठी तार कोण करणार?

*

23 सप्टेंबर 2024. लोढा-नरिमन यांच्या सूचनांना बरोबर दहा वर्षं. बदलापुरातल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलीस गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला. ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत झळकले. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असं पोलीस म्हणाले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानुसार त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नव्हते. खटला त्याच्यापुरता संपला. त्यामुळे त्या दोन लहान मुलींवर त्याने अत्याचार केला, असं म्हणणारा निकालही आता कधी लागणार नाही.