दिवा लागलेला होता काय?

वाचकहो, रस्त्यावर दोन वाहने एकमेकांवर आदळली की भोवती जमलेली माणसे दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळी होतात. ज्याचे वाहन मोठे, त्याचा अपराध! 2024 च्या श्रावणात एके रात्री साडेनऊच्या सुमारास, भिलाईच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर, असा निकाल माझ्या विरुद्ध लागला. तो सर्वस्वी चुकीचा होता असे मला तेव्हाही म्हणता आले नाही. परंतु तो कितपत बरोबर होता, हे ठरविण्यात माझे पुढचे वर्ष गेले.

माझे वडील नागपूर सोडून येथे आले तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या दिवसाचे वर्णन आम्ही भावंडांनी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! माझ्या लहानपणी पाळी सुटली की हे रुंद रस्ते सायकलींनी भरून जात. मोटार दिसली तर मुले वळून पाहत. आता त्याच रस्त्यांवर पाळीच्या वेळी मोटारसायकलींची रीघ लागते. दहाच्या पाळीला निघालेल्या अशाच एका कामगाराची आणि माझी गाठ पडली.

मी सेक्टरच्या आडरस्त्यावरून निघून उजवीकडे वळत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. मी उजवीकडे पाहिले, मग डावीकडे पाहिले, आणि गाडी पुढे घेतली. पुन्हा एकदा उजवीकडे पाहावयास हवे होते, ते मी पाहिले नाही. पुढच्याच क्षणी माझ्या दाराशी मोठा आवाज झाला. मोटारसायकल आडवी पडली होती, तिच्या दिव्याचा चुरा झाला होता, आणि एक तिशीतला माणूस ओल्या रस्त्यावर बसून आपल्या पायाकडे पाहत होता. नडगीचे हाड मोडले होते.

इस्पितळात त्याची पत्नी आली तेव्हा मी तिला म्हणालो, "बहिणी, सगळी चूक माझी आहे, सगळा खर्च मी देईन." ती एवढेच म्हणाली, "बाबूजी, ठेकेदार तर खाडा झाला की मजुरी कापतो." उपचाराचा खर्च मोजता येईल असे मी समजत होतो, बुडणाऱ्या मजुरीचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विमा एजंट घरी आले. माझे ते आश्वासन ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते की कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने दोष कबूल करू नये, पैसे देण्याचे वचन देऊ नये. आपल्यापैकी किती जणांनी ती अट वाचली असेल? मी तरी वाचली नव्हती. मग दाव्याच्या अर्जातील 'अपघात कसा घडला' या रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "येथे लिहा, मोटारसायकलचा दिवा बंद होता. तुम्हाला तो दिसला नाही, हे तर खरे ना?"

हे मात्र खरे होते. मला दिवा दिसला नव्हता. पण दिवा बंद होता म्हणून तो दिसला नाही, की मी त्या बाजूस पाहिलेच नाही म्हणून दिसला नाही? चौकात कॅमेरा नव्हता, दिव्याचा चुरा झालेला, आणि ज्याला विचारावे त्याचे उत्तर त्याच्या बाजूचे असणार. माझ्या एका वाक्यावाचून दुसरा पुरावा नव्हता. मी तो रकाना त्या दिवशी कोरा ठेवला.

नंतर पॉलिसी शांतपणे वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती आपणही ध्यानात ठेवावी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर ती भरपाई दोष कोणाचा यावर अवलंबून नसते. परवाना नसणे, मद्यपान करून गाडी चालविणे अशा गोष्टी असतील तर निराळे. दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो, तो चूक आपली असो वा दुसऱ्याची. सर्व्हेअर आले, त्यांनी छायाचित्रे घेतली, प्लास्टिक व रबराच्या भागांवर निम्मी घट धरली, काचेवर काही धरली नाही. त्यावरून आमची थोडी हुज्जतही झाली, ती सांगत बसत नाही. अशा वादात प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे; छत्तीसगडसाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. एकूण काय, दिवा बंद होता असे लिहून मला एक पैसाही अधिक मिळणार नव्हता. मग ते वाक्य कोणाच्या उपयोगाचे होते?

ते दुर्गच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कळले. तिऱ्हाइताच्या इजेचा विमा आपल्याकडे 1946 पासून सक्तीचा आहे; परंतु जखमी माणसाने समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध केल्यावाचून त्याला काही मिळत नसे, आणि 1977 मध्ये मुंबईकडच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्यानंतर 1982 मध्ये संसदेने, दोष कोणाचा हे न विचारता, मृत्यू आल्यास 15,000 व कायमचे अपंगत्व आल्यास 7,500 रुपये देण्याची तरतूद केली. 1 एप्रिल 2022 पासून अमलात आलेल्या कलमाप्रमाणे मृत्यूसाठी 5 लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख अशा दोषनिरपेक्ष रकमा आहेत. मात्र त्याहून अधिक मागावयाचे तर पुन्हा दोषाचा प्रश्न येतो. या कामगाराच्या पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक महिने मजुरी नाही. त्याच्या वकिलांनी दुसरा मार्ग धरला. अशा दाव्यात जखमीचाही काही दोष ठरला तर तेवढा हिस्सा वजा होतो. समजा, चार लाख ठरले आणि दिवा बंद असल्याबद्दल चौथा हिस्सा त्याच्या माथी आला, तर एक लाख गेले. माझ्या त्या कोऱ्या रकान्याची ही किंमत होती.

पोलिसांनी माझ्यावर निष्काळजीपणाने वाहन चालविल्याचा गुन्हा नोंदविला होता, तेव्हा मलाही जपून बोलावयाचे होते. माझे वकीलमित्र म्हणाले, "दोष कबूल करणे वेगळे, आणि घडले तसे सांगणे वेगळे. तू निकाल देऊ नकोस, साक्ष दे." मी अर्जात व पुढे न्यायाधिकरणातही तेच शब्द लिहिले: मी उजवीकडे एकदा पाहिले, नंतर डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे पाहिले नाही, सबब दिवा लागलेला होता की नाही हे मला सांगता येत नाही. कंपनीच्या वकिलांना ते रुचले नाही. माझ्या पत्नीलाही प्रथम रुचले नाही. तिला फौजदारी खटल्याची धास्ती होती, आणि ती अस्थानी होती असे मी म्हणणार नाही. तो खटला पुढे दंडावर मिटला.

तारखांच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही एकाच बाकावर बसत असू, तो कुबडी भिंतीला टेकवून. आम्ही पावसाविषयी, धानाविषयी बोलत असू. दिव्याविषयी मी कधी विचारले नाही. 2025 च्या सप्टेंबरातील लोकअदालतीत त्याची व विमा कंपनीची तडजोड झाली. रक्कम किती हे त्याचे खाजगी. माझ्या निवेदनानंतर कंपनीने दिव्याचा मुद्दा ताणला नाही, एवढे मात्र त्याच्या वकिलांनी मला सांगितले.

बाहेर पडताना तो आपण होऊन म्हणाला, "बाबूजी, दिवा लागलेला होता. पण त्या रात्री पाळीला उशीर झाला होता, गाडी मी जोरात हाकत होतो." मी मान हलविली. त्याला बसपर्यंत पोहोचवावे म्हणून मी गाडीचे दार उघडले. ते नवे दार अजून थोडे घट्ट लागते.