एक्केचाळीस गुण आणि एक प्रश्न

‘सर, एम. एस्सी.ला मॅथ्स मिळेल का?’ दर उन्हाळ्यात हा प्रश्न मला विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा निकाल बहुधा लागलेला नसतो. सहाव्या सत्राचे पेपर झालेले असतात, मागचा एखादा विषय राहिलेला असतो, फेरतपासणीचा अर्ज गेलेला असतो, प्रवेश परीक्षा कशी गेली ते नक्की सांगता येत नसतं. चंदगड, राधानगरी, गगनबावडा या भागांतून ही मुलं कोल्हापूरला येतात. घरात गणित शिकलेलं कुणी नसतं. ‘त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे’ हा घरच्यांचा सल्ला असतो आणि तो प्रेमापोटीच दिलेला असतो. अशा मुलाला मी काय सांगावं, याचा विचार मी अनेक वर्षं करतो आहे.

त्यांतला एक मुलगा माझ्या मनातून जात नाही. रिअल अॅनालिसिसमध्ये त्याला एक्केचाळीस गुण होते. वर्गात आम्ही एक प्रमेय शिकलो होतो: क्लोज्ड आणि बाउंडेड इंटर्व्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. परीक्षेत हे हमखास येतं, मुलं त्याचं प्रूफ ओळीन् ओळ पाठ करतात आणि पूर्ण गुण मिळवतात. या मुलाला ते धड लिहिता आलं नव्हतं. पण पेपर झाल्यावर तो मला विचारत होता, ‘सर, इंटर्व्हलची टोकं काढून टाकली तर प्रूफ नेमकं कुठल्या ओळीला मोडतं?’ दुसऱ्या दिवशी उत्तरही त्यानंच आणलं. शून्य ते एक या ओपन इंटर्व्हलवर एक भागिले एक्स घ्या. शून्याच्या जितकं जवळ जावं तितका डेल्टा लहान घ्यावा लागतो, आणि सगळीकडे चालेल असा एकच डेल्टा सापडत नाही. पाठ केलेल्या प्रूफमधली जी ओळ सगळे जण घाईनं लिहून पुढे जातात, तिच्यावरच सगळं उभं आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ज्यांना त्या पेपरात पूर्ण गुण होते त्यांतल्या काहींना मी हाच प्रश्न विचारला. ती मुलं गप्प राहिली. त्यात त्यांचा दोष नाही, आम्ही त्यांना कधी तसं विचारलंच नव्हतं.

पुढचं गणित मात्र याच प्रश्नापासून सुरू होतं. टोपॉलॉजी असो, मेझर थिअरी असो की फंक्शनल अॅनालिसिस, तिथं दर तासाला हेच शोधायचं असतं की कुठली अट कुठं वापरली आणि ती काढली तर काय कोसळतं. मग त्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडे हीच नजर आहे का, हे आपण का पाहत नाही?

महाराष्ट्रानं गणितातल्या क्रमांकाला फार मोठा मान दिला आहे. 1899 मध्ये र. पु. परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले आणि त्यानंतर ‘रँग्लर’ हे बिरुद त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. पुढे महाजनींच्या नावाआधीही आपण ते लावलं. तो अभिमान खराच होता. पारतंत्र्यातल्या देशाला अशा यशाची गरज होती. पण ज्या केंब्रिजच्या क्रमवारीचं आपण इतकं कौतुक केलं, तिच्याविरुद्ध तिथलेच गणिती उभे राहिले. 1898 मध्ये स्वतः चौथा रँग्लर असलेला जी. एच. हार्डी त्यांत पुढे होता. ही परीक्षा वेगाची आणि युक्त्यांची आहे, तिच्यामुळे इंग्लंडचं गणित मागे पडलं, असं तो ठामपणे मांडत असे. 1909 नंतर क्रमवार यादी जाहीर करणं बंद झालं. आणि याच हार्डीच्या टेबलावर 1913 च्या जानेवारीत मद्रासच्या एका कारकुनाचं पत्र येऊन पडलं.

रामानुजनच्या परीक्षांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कुंभकोणमच्या कॉलेजात त्यानं शिष्यवृत्ती गमावली आणि पुढे मद्रासला एफ. ए.च्या परीक्षेत तो नापास झाला, कारण गणिताखेरीज इतर विषयांत त्याचं मन लागत नव्हतं. ही कथा सांगताना आपण त्याच्या प्रतिभेवर थांबतो. मला जास्त महत्त्वाची वाटतात ती त्याची वही उघडून वाचणारी माणसं. डेप्युटी कलेक्टर असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यर यांनी 1907 मध्ये गणिताची एक संस्था काढली, तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचं ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं आणि तिथून नियतकालिकं टपालानं सभासदांकडे जात. त्या सोसायटीच्या जर्नलमध्ये 1911 साली रामानुजननं वाचकांना एक प्रश्न घातला: एक वर्गमूळ, त्याच्या आत एक अधिक दोनपट वर्गमूळ, त्याच्या आत एक अधिक तीनपट वर्गमूळ, असं अनंतापर्यंत गेल्यावर सगळ्यांत बाहेरच्या वर्गमुळाची किंमत किती? उत्तर कुणाकडूनच आलं नाही, अखेर त्यानंच ते दिलं: 3. प्रश्न विचारणारा पदवीधर आहे की नाही, हे त्या जर्नलनं पाहिलं नाही. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्याचं काम पाहून मद्रास विद्यापीठाला शिफारस लिहिली. तिथली संशोधन शिष्यवृत्ती एम. ए. झालेल्यांसाठी होती. तरीही 1913 मध्ये विद्यापीठानं नियमाला अपवाद करून एफ. ए. नापास माणसाला महिना 75 रुपये दिले.

रामानुजन एकच असतो, हे मला मान्य आहे. पण गुणपत्रिका किती पोकळ होऊ शकते, हे आपण आपल्या डोळ्यांनी अलीकडेच पाहिलं. 2021 मध्ये राज्यात बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे 30 टक्के, अकरावीचे 30 टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 40 टक्के मिळून निकाल बनला आणि 99.63 टक्के मुलं उत्तीर्ण झाली. ती मुलं नंतर बी. एस्सी.ला माझ्यासमोर बसली. कुणाला काय येतं हे त्या टक्क्यांवरून कळत नव्हतं. त्यासाठी फळ्यापाशी बोलवावं लागे.

तरीही गुण नकोतच असं मी म्हणणार नाही. ज्या मुलाची कुठं ओळख नाही, ज्याच्यासाठी फोन करणारं कुणी नाही, त्याला परीक्षेचा क्रमांक हाच आधार असतो. उत्तरपत्रिकेला आडनाव नसतं. दार केवळ प्राध्यापकाच्या मर्जीवर उघडू लागलं तर पहिल्यांदा हीच खेड्यातली मुलं बाहेर राहतील. शिवाय लिनिअर अल्जिब्रा कच्चा असताना नुसत्या उत्साहावर कुणाला पुढं ढकलणं हाही अन्यायच आहे. म्हणून मला मधली वाट हवी आहे. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट पदवीचा प्रवेश मुख्यतः स्वतःच्या लेखी परीक्षेवर देतात आणि त्या परीक्षेत सिद्धता लिहायला लावतात. मुंबईची एक मुलगी सातवीनंतर शाळेत गेलीच नव्हती. बारावीचा निकाल नाही म्हणून आयआयटीत तिला प्रवेश मिळेना. चेन्नईच्या संस्थेनं तिची तयारी पाहून तिला थेट एम. एस्सी.च्या पातळीच्या वर्गात बसवलं, आणि 2016 मध्ये ती अमेरिकेत एमआयटीला गेली. अशी तपासणी करायला वेळ लागतो, माणसं लागतात. पण ती करता येते.

कोल्हापूरला तर अशा पारखण्याची ओळख घरातूनच आहे. विष्णू वासुदेव नारळीकर इथले, हुजूरबाजार घराणंही इथलं. नारळीकर बनारसला गणिताचे प्राध्यापक असताना त्यांच्याकडे शिकायला राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर नारळीकरांचा मुलगा जयंत याच्यासाठी एक आव्हानाचा प्रश्न लिहून ठेवत. प्रश्न सुटेपर्यंत तो तिथंच राही. ना वेळेची मर्यादा, ना गुण. जयंत नारळीकरांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली.

माझ्या त्या विद्यार्थ्याची प्रवेश परीक्षा चांगली गेली होती, पण एका विषयाचा निकाल राहिला होता. शिफारसपत्रात मी ‘मेहनती व होतकरू’ असं लिहिलं नाही. एक भागिले एक्सचा तो प्रश्न, त्यानं तो कसा सोडवला आणि त्याला कुठं मदत लागेल, हे सगळं लिहिलं. त्याला हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळाला. पहिलं सत्र त्याला जड गेलं, पण तो तग धरून राहिला. आज तो एका कॉलेजात गणित शिकवतो.

माझ्या सहकारी शिक्षकांना विनंती आहे: शिफारसपत्रात विशेषणं लिहू नका, मुलानं विचारलेला एक तरी प्रश्न लिहा. विभागांना विनंती आहे: यादीच्या काठावर असलेल्या प्रत्येक मुलाला पाव तास फळ्यापाशी उभं करा. आणि ज्या मुलांचा निकाल अजून यायचा आहे त्यांनी घाबरून बँकेच्या क्लासचे पैसे भरण्याआधी आपली कच्ची वही घेऊन आपल्या शिक्षकांकडे जावं.